त्याला माहीत, म्हणजे तिला माहीत

सरकारी वकील ती, फेडरल एजंट तो, दोघांमध्ये एक खटला आणि बाहेर मोकाट फिरणारा एक माणूस. रोमँटिक सस्पेन्समधली ही जोडी जुनी असली तरी अजून खपते. लिहायला बसलं की मात्र पहिल्या पन्नास पानांतच गाडी अडते. एकमेकांवर जीव जडलेली, एकटी, शिकलीसवरलेली आणि एकाच बाजूने लढणारी दोन माणसं लांब ठेवायची कशी? मग त्याची घटस्फोटित बायको उगवते, तिची लहानपणीची जखम उकरली जाते, कुणीतरी नको त्या वेळी नको तो फोन उचलतं. एवढी खटपट कशाला? अमेरिकेच्या कायद्यात या दोघांच्या मधोमध सुरुंग पेरलेलाच आहे. त्यावर पाय पडेल अशी वाट आखली की झालं.

तीन निकाल माहीत असले तरी काम भागतं. ब्रेडी विरुद्ध मेरीलँड, १९६३: आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाने दडवायचा नाही. जिग्लिओ विरुद्ध अमेरिका, १९७२: सरकारी साक्षीदारावर विश्वास का ठेवू नये, हे सांगणारी माहितीसुद्धा त्यातच मोडते. काइल्स विरुद्ध व्हिटली, १९९५: असा पुरावा तपास करणाऱ्यांकडे असेल तर तो शोधून काढणं सरकारी वकिलाचं काम. ‘मला पोलिसांनी सांगितलंच नाही’ ही सबब चालत नाही.

आता हे तिन्ही आपल्या जोडीला लावून बघा. एजंट हा खटल्यातला साक्षीदार. त्याचं वकीलबाईंवर प्रेम आहे, म्हणजे खटला जिंकण्यात त्याला नोकरीपलीकडचा रस आहे, आणि बचाव पक्षाला उलटतपासणीत हेच हवं असतं. दुसरं म्हणजे, त्याने जे लपवलं ते तिनेच लपवल्यात जमा होतं. त्याला माहीत, म्हणजे तिला माहीत. लग्न लावायच्या कितीतरी आधी कायदा या दोघांना एक धरून मोकळा झालेला असतो. अख्खी कादंबरी या एका वाक्यावर उभी राहते. पुढचं सगळं त्या वाक्यापर्यंत पोचायच्या पायऱ्या.

आधी माणसं नीट उभी करू. डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे ‘डीए’, हा राज्याच्या व्यवस्थेतला वकील, बहुतेक राज्यांत निवडणूक लढवून आलेला. आपली नायिका ती नव्हे. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूला देशाचे ९४ न्यायालयीन जिल्हे आहेत. तिथल्या मुख्य वकिलाला यू.एस. ॲटर्नी म्हणतात, त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजुरी देते. रोजचे खटले चालवतात ते असिस्टंट यू.एस. ॲटर्नी, बोलताना ‘ए-यू-एस-ए’. आपली बाई ही.

तो कुठल्या खात्यातला, हे गुन्हा पाहून ठरवा. सगळेच एफबीआयकडे धावतात. पण करचुकवेगिरी किंवा काळ्याचं पांढरं करणं असेल तर आयआरएसचा, म्हणजे तिथल्या करखात्याचा, गुन्हे तपास विभाग आहे, खोट्या नोटांसाठी सिक्रेट सर्व्हिस आहे, आणि टपालातून होणाऱ्या फसवणुकीसाठी पोस्टल इन्स्पेक्टर आहेत. हे पोस्टल इन्स्पेक्टर पिस्तूल बाळगतात, अटकही करतात. त्यांच्यावर इतकं कमी लिहिलं गेलंय की नायक म्हणून घेतला तर वाचक पहिल्याच पानावर सरसावून बसेल. एफबीआयचाच हवा असेल तर वय सांभाळा: भरती २३ ते ३६ या वयात होते आणि ५७ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती असते. साठीतला, केस पिकलेला, अजून दारं फोडणारा एफबीआय एजंट ही सिनेमाची देणगी.

या दोघांत साहेब कुणीच नसतो. तो तिच्या हाताखाली नाही, ती त्याच्या नाही. तिला ॲफिडेव्हिटवर, म्हणजे वॉरंट मागताना द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर, शपथ घेणारा माणूस लागतो आणि त्याला आरोप दाखल करणारी वकील लागते. केस घ्यायची की नाही हे ती ठरवते. नाही म्हटलं की त्याच्या सहा महिन्यांच्या कामाची रद्दी. पहिल्या भेटीसाठी याहून चांगला प्रसंग नाही. तो फाईल घेऊन येतो, ती वाचते आणि परत करते. कशाला हव्यात त्या कॉफी सांडणाऱ्या धडका!

जवळ आणायलाही युक्ती लागत नाही. सरकारी वकील साक्षीदाराला सहसा एकटी भेटत नाही. पुढे साक्षीदार फिरला तर ‘तो असं बोलला होता’ हे सांगायला कुणीतरी हवं, आणि ते तिनेच सांगायचं ठरवलं तर ती साक्षीदार बनते, वकील राहत नाही. म्हणून खोलीत एजंट असतोच. ती विचारते, तो लिहून घेतो. एफबीआयमध्ये अशा मुलाखतीचा अहवाल ज्या फॉर्मवर होतो तो एफडी-३०२, तोंडी ‘थ्री-ओ-टू’. (आपल्याकडे २०२४ पर्यंत खुनाचं कलम तीनशे दोन होतं, म्हणून थेट खून आठवतो, इथे तो नुसता कागद आहे, पण माणसं याच्यामुळेही आत जातात.) ३०२ म्हणजे शब्दशः नोंद नव्हे, एजंटच्या शब्दांतला सारांश. कोठडीत असलेल्या माणसाची मुलाखत रेकॉर्ड करायची, असं धोरण न्याय खात्याने २०१४ मध्ये जाहीर केलं. बाहेरच्या मुलाखतींना अजून बहुधा हाच कागद. सस्पेन्सची पहिली फट इथे आहे. साक्षीदार जे बोलला आणि एजंटने जे लिहिलं, त्यांत एका शब्दाचा फरक ठेवा. तो तिच्या लक्षात येऊ द्या आणि तिला गप्प बसवा.

आता एक नमुन्याचा प्रसंग घेऊ आणि तोच शेवटपर्यंत ओढत नेऊ.

मजूर पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या घराची झडती आहे. ॲफिडेव्हिट एजंटने लिहिलंय, ती रात्री बसून तपासतेय.

‘खबऱ्याला पैसे किती वेळा दिलेत?’

‘दोनदा.’

‘इथे एकदाच लिहिलंय.’

‘दुसऱ्यांदा दिले ते टॅक्सीचे होते.’

‘मग टॅक्सीचे म्हणून लिहा.’

तो लिहितो. ही कुरकुर नुसती कागदी नाही. फ्रँक्स विरुद्ध डेलावेअर, १९७८: ॲफिडेव्हिटमध्ये जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने खोटं लिहिलं असेल, आणि ते खोटं वगळल्यावर वॉरंटला पुरेसा आधार उरत नसेल, तर वॉरंट रद्द आणि झडतीत सापडलेला माल पुराव्यातून बाद. महत्त्वाची गोष्ट गाळली असेल तरी न्यायालयं हीच फूटपट्टी लावतात. तेव्हा टॅक्सीचे पैसे लिहायला लावणारी बाई त्याला त्रास देत नसते, वाचवत असते. हे त्याला कळतं त्या क्षणी प्रेमाला सुरुवात होऊ द्या. गुलाब वगैरे नंतर.

वॉरंट मिळालं की घड्याळ सुरू. फेडरल फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम ४१ प्रमाणे ते जास्तीत जास्त १४ दिवसांत बजावायचं, आणि दिवसा बजावायचं. दिवसाची व्याख्या पक्की आहे: सकाळी ६ ते रात्री १०. न्यायाधीशांनी खास परवानगी दिली नसेल तर पहाटे ३ चा छापा बेकायदा, मग कितीही थरारक वाटो. म्हणून खऱ्या छाप्यांत माणसं पावणेसहापासून गाडीत बसून घड्याळाकडे बघत असतात. त्या पंधरा मिनिटांत थरार भरपूर आहे. जप्त मालाची यादी होते, तिची पावती घरात ठेवायची असते. आपला पंचनामा, पंच, त्यांच्या सह्या यांतलं काही तिथे आणू नका. पोलीस कोठडीची रिमांडही नाही. अटक झाली की विनाकारण उशीर न करता न्यायाधीशासमोर उभं करायचं. आणि न्यायाधीशाला ‘मायलॉर्ड’ म्हटलंत तर वाचक पुस्तक मिटेल. तिथे ‘युअर ऑनर’.

छाप्यावर ती जात नाही. ही चूक इतकी सर्रास होते की ठासून सांगायला हवं. एक तर ती तिथे गेली की साक्षीदार होते. दुसरं, कोर्टातल्या कामासाठी सरकारी वकिलाला दाव्यांपासून जे पूर्ण संरक्षण आहे (इम्बलर विरुद्ध पॅक्टमन, १९७६), ते पोलिसासारखा तपास करताना मिळत नाही. ती ऑफिसात असते, फोनजवळ. यात प्रेमकथेचं नुकसान काहीच नाही. तिला नुसता आवाज ऐकू येतो, दिसत काही नाही, आणि वाचकही तिच्याबरोबर आंधळा होतो.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजतो.

‘जिन्याखाली दार आहे. बाहेरून कुलूप. वॉरंटमधल्या वर्णनात हा भाग भाड्याने दिलेला, वेगळा म्हणून वगळलाय.’

‘मग थांबा. तिथे माणूस ठेवा. मी दुसरं वॉरंट घेते, फोनवरून होईल. तास-दीड तास.’

‘आतून आवाज येतोय.’

‘कसला?’

इथे एक ओळ रिकामी सोडा. त्याच्या मागे कुणीतरी लाकडी फरशीवरून चालतंय, वॉकीटॉकी खरखरतोय.

‘कण्हल्यासारखा.’

या एका शब्दाने दार उघडतं. आत कुणी जखमी आहे, कुणाला तातडीची मदत हवी आहे असं मानायला रास्त कारण असेल तर वॉरंटशिवाय आत जाता येतं. ब्रिगहॅम सिटी विरुद्ध स्टुअर्ट, २००६. हे त्यालाही माहीत आहे, तिलाही. ती म्हणते, ‘जा.’

आत माणूस नसतो. कपडे वाळवायचं यंत्र घरघरत असतं, आणि त्याच्यावर हिशेबाची वही उघडी पडलेली. डाव्या रकान्यात मजुरांची नावं, उजव्यात प्रत्येकाचा पासपोर्ट कुठे ठेवलाय ते. खटल्याचा कणा सापडला.

आता गंमत बघा. एजंटची ऐकण्यात चूक झाली असेल तर वही टिकते. परिस्थिती बघता शहाण्यासुरत्या अधिकाऱ्याला तसं वाटू शकलं असतं की नाही, एवढंच न्यायालय तपासतं. यंत्राची घरघर कण्हण्यासारखी वाटू शकते. तो खोटं बोलला असेल तर वही जाते. म्हणजे सगळा खटला एका माणसाच्या कानात अडकलाय, आणि त्या कानात खरोखर काय पडलं हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. शक्य असेल तर लेखकानेही अर्ध्या पुस्तकापर्यंत ते ठरवू नये.

मधला टप्पा ग्रँड ज्युरीचा, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांचा. तो पटकन उरका, पण नेमका लिहा. १६ ते २३ नागरिक असतात, आरोपपत्रासाठी किमान १२ जणांचं मत लागतं. खोलीत न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकील नसतो. सरकारी वकील, त्या वेळी साक्ष देत असलेला एकच साक्षीदार, लघुलेखक आणि गरज असेल तर दुभाषी. म्हणजे एजंट साक्ष देतो, बाहेर येतो आणि कॉरिडॉरमध्ये बसून राहतो. आत ती पुढच्या साक्षीदाराला काय विचारतेय ते त्याला ऐकू येत नाही. अटकेपासून ३० दिवसांत आरोपपत्र, आणि त्यानंतर ७० दिवसांत खटला, असं वेळेचं बंधन आहे. पण बचाव पक्षाने अर्ज केला की घड्याळ थांबतं. ‘उद्या ७० वा दिवस, नाहीतर आरोपी सुटला’ असा शेवट योजत असाल तर मधले किती दिवस वजा झाले ते मोजून ठेवा. नाहीतर वाचकांतला एखादा वकील तुम्हाला सोडणार नाही.

फोन टॅपिंग आणायचं असेल तर १९६८ च्या कायद्याचं टायटल थ्री. एकेक हुकूम फार तर ३० दिवसांचा. अर्जाला न्याय खात्यातल्या वरिष्ठांची मंजुरी, आणि आधी साधे मार्ग वापरून पाहिले की नाही याचा खुलासा द्यावा लागतो. ऐकणाऱ्याने गुन्ह्याशी संबंध नसलेलं बोलणं सुरू झालं की यंत्र बंद करायचं, थोड्या वेळाने पुन्हा लावून बघायचं. रात्रीच्या त्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, दुसऱ्या कुणाच्या तरी नवराबायकोचं भांडण सुरू होताच बटण दाबणारा एजंट हे चित्र प्रेमकथेत वापरण्याजोगं आहे. मुदत संपल्याबरोबर रेकॉर्डिंग न्यायाधीशासमोर मोहोरबंद करायचं असतं. त्यात उशीर झाला आणि समाधानकारक कारण देता आलं नाही तर पुरावा धोक्यात. खलनायकाला काहीच करावं लागत नाही. एका कारकुनाचा शुक्रवार पुरतो.

आता भाषेचं. हे इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळत नाही, आपल्याला फुकट मिळतं. ऑफिसात ती दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणणार. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं, हा मराठी प्रेमकथेतला सगळ्यात मोठा क्षण, आणि इथे तो पुरावासुद्धा ठरू शकतो. एकांतात ‘तू’, लोकांत ‘तुम्ही’, ही कसरत त्यांना शंभर पानं करू द्या. मग तिच्या वरिष्ठांसमोर एकदाच, घाईत, त्याच्या तोंडून ‘तू ती फाईल आणलीस का?’ निघू द्या. कुणी काही बोलत नाही. वरिष्ठ चष्मा काढून पुसतात. बस्स.

याच भाषेचा एक सापळा आहे. निनावी खबऱ्या फोनवर ‘मी बोलतोय’ म्हणाला की पुरुष, ‘मी बोलतेय’ म्हटलं की बाई. खबरी कोण हे तुम्हाला तीनशे पानं लपवायचं असेल तर क्रियापद पहिल्याच ओळीत चुगली करतं. उपाय सोपा आहे: खबऱ्याला बोलूच देऊ नका, ३०२ मधून सांगा. ‘सी-एच-एस-वनने (म्हणजे गुप्त खबरी क्रमांक एकने) कळवलं’, ‘सी-एच-एस-वनने गाडी पाहिली’. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याचं लिंग सांगत नाही. खबऱ्यांचा उल्लेख तिथे खरोखरच अशा क्रमांकांनी होतो, त्यामुळे ओढूनताणून आणल्यासारखंही वाटत नाही.

पुन्हा दाराकडे. छाप्याच्या रात्री दोन वाजता तिच्या फोनवर त्याचा मेसेज येतो: ‘तुला खरं सांगू? तो आवाज माणसाचा होता की नाही, मला तेव्हाही कळलं नव्हतं.’

एका ओळीत दोन बॉम्ब. दुसरं वाक्य आरोपीच्या फायद्याचं आहे, म्हणजे ब्रेडी. शिवाय साक्षीदाराने साक्षीच्याच विषयावर लिहिलेला मजकूर आहे, म्हणजे जेन्क्स कायदा: साक्षीदाराची सरतपासणी झाली की त्याचे असे लेखी जबाब बचाव पक्षाने मागितले तर द्यावे लागतात. आणि पहिल्या वाक्यातलं ‘तुला’ दोघांमधलं नातं सांगतं, म्हणजे जिग्लिओ. प्रेमपत्र आणि सरकारी कागद एकच झाले. खोटं वाटत असेल तर २०१८ च्या जूनमधला न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आठवा: एफबीआयचा एक वरिष्ठ एजंट आणि एफबीआयचीच एक वकील यांनी सरकारी फोनवरून एकमेकांना पाठवलेले खासगी मेसेज त्यात साऱ्या देशाने वाचले.

मेसेज पुसून टाकावा हा विचार तिच्या मनात यायलाच हवा. आला नाही तर ती माणूस नाही. पण फेडरल तपासात अडथळा आणण्यासाठी नोंद नष्ट करणं याला २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कलम १५१९, आणि या कलमाखाली तिने स्वतः कुणालातरी आत घातलेलं असू द्या. तिला फोन उशीखाली ठेवून झोपवा. झोप न येऊ द्या.

यापुढे बरेच लेखक थेट खटल्याकडे, ज्युरीकडे धावतात. थांबा. फेडरल न्यायालयात सुमारे नव्वद टक्के आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होतात. ज्युरीसमोर फार थोडे जातात. खरी लढाई बऱ्याचदा त्याआधी होते, पुरावा बाद करायच्या सुनावणीत. ज्युरी नसते, बाकं रिकामी असतात, न्यायाधीश, दोन टेबलं आणि साक्षीदाराची खुर्ची. प्रेमकथेचा कळस गाठायला ही जागा भरलेल्या कोर्टापेक्षा कितीतरी चांगली आहे. साक्षीदाराचे लेखी जबाब देण्याचा नियम याही सुनावणीला लागू असतो, ही पळवाट बंद आहे हेही ध्यानात ठेवा.

ती त्याची सरतपासणी घेते. ‘एजंट, दाराबाहेर आपण काय ऐकलंत?’ शंभर पानांच्या ‘तू’नंतर हे ‘आपण’ कसं लागतं ते वाचकाला सांगावं लागत नाही.

तो म्हणाला, ‘कण्हल्यासारखा आवाज,’ तर? नेप्यू विरुद्ध इलिनॉय, १९५९: साक्ष खोटी आहे हे सरकारी वकिलाला माहीत असेल तर ती वापरायची नाही, आणि आपोआप आली असेल तर दुरुस्त करायची. पण ही साक्ष खोटी आहे का? आवाज कण्हल्यासारखा वाटला होता, माणसाचा की नाही ते कळलं नव्हतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. कागद टेबलावर आहे, बचावाच्या वकिलाला तो अजून दिलेला नाही. तिने आता तो दिला तर तिची नोकरी आणि त्याची विश्वासार्हता पणाला लागतात. खोटेपणाचा ठपका बसलेल्या एजंटला साक्षीला उभं करायला कुठलाच सरकारी वकील धजत नाही, आणि साक्ष देऊ न शकणाऱ्या एजंटला मग टेबलावरची कामं उरतात. नाही दिला तर पासपोर्ट काढून घेतलेले मजूर आणि तिचं प्रेम दोन्ही वाचतात. आज तरी.

उलटतपासणी अर्ध्यावर असताना कोर्ट उठवा. साक्षीदार अजून शपथेवर असतो आणि रात्री वकिलाशी साक्षीबद्दल बोलायचं नाही, असं न्यायाधीश बजावू शकतात. त्या रात्री दोघांना एका लिफ्टमध्ये घाला. तेरा मजले, आणि बोलण्यासारखं एकच, तेही मना. या प्रसंगात संवाद लिहायचा मोह झाला तर हात आवरा.

आणि बाहेरचा मोकाट माणूस? धोका खरा आहे. ११ ऑक्टोबर २००१ च्या रात्री सिएटलमध्ये थॉमस वेल्स हे असिस्टंट यू.एस. ॲटर्नी आपल्या घराच्या तळघरात संगणकावर काम करत असताना खिडकीतून झाडलेल्या गोळ्यांनी मारले गेले. तेव्हा धमकीची चिठ्ठी, खिडकीबाहेरची सावली यांना पोरकट समजायचं कारण नाही. पण नायक तिचा अंगरक्षक होऊन सोफ्यावर झोपतो, ते चुकीचं. धमकी आलेल्या फेडरल वकिलाच्या संरक्षणाचं काम यू.एस. मार्शल्सचं. धमकीचा तपास एफबीआय करेल, पण तो त्याच्याच हाती देऊ नका. दुसऱ्या पथकाला द्या आणि त्याला काचेपलीकडे उभा करा. काहीच करता न येणारा सशस्त्र माणूस गोळ्या झाडणाऱ्यापेक्षा जास्त ताण देतो. शिवाय एक सोय होते: धमकीचा तपास करणारं ते दुसरं पथक तिचा फोन मागणार. धमकीचा मेसेज त्यात आहे ना!

सोडवणूक कशी करायची हे प्रत्येकाने आपलं ठरवावं, पण प्रामाणिक वाटा थोड्याच आहेत. तिने वेळेत वरिष्ठांना सांगून खटला सोडायचा आणि दुसऱ्या वकिलाने मेसेज उघड करायचा, ही एक. त्याने साक्षीच्या खुर्चीतून स्वतःच ते वाक्य बोलायचं, आणि ‘हे कुणाला सांगितलं होतंत?’ या पुढच्या प्रश्नाला तिच्याकडे न बघता उत्तर द्यायचं, ही दुसरी; मला ही आवडते. ‘निकाल लागेपर्यंत थांबू, मग आपण मोकळे’ ही तिसरी वाट सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवी. नियम ३३ खाली, नवा पुरावा हाती आला तर निकालानंतर ३ वर्षांपर्यंत नव्या खटल्याची मागणी करता येते.

त्यामुळे शेवटच्या प्रकरणात लग्न लावायचं असेल तर पत्रिकेवरची तारीख विचार करून टाका. तीन वर्षांच्या आतली असेल तर बचावाचा वकील ती वाचेल, आणि त्याचा पहिला प्रश्न असेल: ‘कधीपासून?’ दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तो विचारा. ती म्हणते, टॅक्सीच्या पैशांच्या रात्रीपासून. तो म्हणतो, तिने फाईल परत केली त्या दिवसापासून.